वरातीमागून आकडे

आमच्या उद्योजक महासंघात वरातीमागून घोडं ही रीतच आहे. आधी अध्यक्षांचं निवेदन छापायला जातं, मग आम्ही संशोधन विभागातले लोक त्याला शोभतील असे आकडे शोधतो. यंदाचं निवेदन होतं, किमान वेतन वाढवलं तर कारखाने बंद पडतील. आकडे मात्र काही केल्या तसं म्हणेनात. मागच्या वाढीनंतर आमच्या सभासदांचा एकही कारखाना बंद पडला नव्हता. माझी धाकटी बहीण ब्लासिदा शेजारच्या लुके गावी कारखान्यात शर्ट शिवते. तिचा पगार वेतन मंडळ ठरवणार, आणि मंडळ आमचा अहवाल वाचून. मी खरं तेच लिहिलं.

दहा वाजता तेरेरेची फेरी बसली. इथे पॅराग्वेत, असुन्सिओनच्या उन्हात हा बर्फगार काढा पोटात गेल्याशिवाय कुणाचा हात चालत नाही. एकच पेला, एकच नळी. संचालकांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे एकमेकांचं उष्टं पितात, आणि या समतेचा आम्हाला कोण अभिमान! फक्त आभार मानायचे नाहीत. मानले की तुम्ही फेरीतून उठलात.

"निल्दा, पोरी," संचालक डॉक्टर इन्सफ्रान नळी सोडून म्हणाले, "अहवाल उलट्या टोकाकडून लिहिलायस."

"आकडेच तसे आहेत, डॉक्टर."

"आकड्यांचं काय, बसवू तिथे बसतात. तूच तेवढी आडवी बसलीयेस."

"मग माझ्या नावानं नाही जायचा तो."

"नको तर नको. देर्लिसच्या नावानं जाईल. काय रे?"

देर्लिस माझा जुना मित्र. पेला भरायचं काम त्याचं. मग त्यानं पेला भरला आणि मला वगळून पलीकडच्याला दिला. सगळे खिडकीबाहेर बघत होते. मला संताप आला. मी न पिताच मोठ्यानं म्हटलं, "आभारी आहे," आणि नोकरीवरूनच उठले.

महिन्याभरानं मंडळानं देर्लिसच्या नावाचा अहवाल वाचून वाढ नाकारली. ब्लासिदा बातम्या बघत होती.

"त्या अहवालावर माझं नाव नाही हं," मी जरा ताठ मानेनं सांगितलं.

"ते बरंच झालं, ताई. आणि तू लिहिलेला खरा?"

"ऑफिसातच राहिला."

तिनं बातम्या बंद केल्या.

"म्हणजे तू नुसतीच उठून आलीस?"