थॉर्नलॉचा बारावा गडी

शनिवारी सकाळी सव्वानऊपर्यंत विल्फ टेनिकच्या यादीत अकराच नावं उरली होती. सकाळपासून आलेला प्रत्येक फोन एक नाव कापायलाच आला होता. एकाला गोदामात जादा पाळी लागली होती, एकाच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, एकाची पाठ धरली होती. चौथ्यानं तर कारण सांगण्याचीही तसदी घेतली नव्हती. 'सॉरी विल्फ', एवढाच मेसेज.

रग्बीच्या संघात पंधरा जण लागतात, पण बारा असले तरी त्यांच्या विभागात सामना धरला जायचा. बाराच्या खाली गेलात की वॉकओव्हर, म्हणजे न खेळताच हार. आणि एका हंगामात तीन वॉकओव्हर दिले, की लीगमधून नाव बाद. थॉर्नलॉनं नोव्हेंबरात एक दिला होता, जानेवारीत दुसरा. आज तिसरा दिला असता तर सगळंच संपलं असतं.

विल्फ एकोणीस वर्षं क्लबचा सेक्रेटरी होता. त्याआधी बावीस वर्षं तो तिथं खेळला होता. खाणीतल्या माणसांनी एकोणीसशे एकवीस साली हा क्लब काढला. पुढं खाण बंद पडली, शाळा बंद पडली, गावात थांबणारी बस बंद पडली. क्लब तेवढा राहिला. विल्फच्या तरुणपणी लीग नव्हतीच. सेक्रेटरी एकमेकांना पत्रं लिहायचे, तारखा ठरायच्या, शनिवारी खेळायचं आणि सोमवारी हार विसरून जायचं. सत्त्याऐंशी साली सगळ्या इंग्लंडमधल्या क्लबांची उतरंड लावली. जिंकाल तर वर, हराल तर खाली. डरहॅम आणि नॉर्थम्बरलंडचे हौशी क्लब मिळून विभाग झाले. पहिल्या वर्षी थॉर्नलॉ मधल्या विभागात होतं आणि पाचवं आलं. त्या संघात पुढच्या फळीच्या मधोमध विल्फ असायचा आणि त्याच्या डाव्या खांद्याला त्याचा जिवलग मित्र कडी रेन.

त्या वर्षी त्यांच्याशी खेळलेल्यांपैकी सहा क्लब आता उरले नव्हते. जहाजगोदीवाल्यांचा गेला, काचकारखान्याचा गेला, दोन खाणींचे गेले. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रात चार ओळी यायच्या. पोरं शेजारच्या क्लबात जायची आणि वर्षभरात तेही सोडून द्यायची. एकदा गेलेलं नाव परत आलेलं विल्फनं एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यानं आणखी पाच घरांची दारं वाजवली. तिघं घरी नव्हते, चौथ्यानं दार उघडलंच नाही, पाचवा पायाला प्लॅस्टर घालून बसला होता. स्वतः विल्फ खेळेल म्हणावं, तर कमरेचा सांधा लोखंडाचा आणि हातात काठी. साडेदहाला तो कडीच्या भाजीच्या वाफ्यांपाशी जाऊन उभा राहिला.

कडी गुडघ्यावर बसून लीकच्या, म्हणजे जाड पातीच्या कांद्याच्या, कांड्यांना माती लावत होता. वय एकोणसाठ, मान बैलासारखी. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली होती.

"किती कमी पडतायत?" वर न बघताच कडीनं विचारलं.

"एक."

"मग माझ्याकडं काय बघतोयस?"

"तुझं नाव अजून आहे नोंदणीत."

"काढ म्हणालो होतो ना तुला?"

"राहिलं."

कडी हसला. मग विल्फचा चेहरा बघून हसायचा थांबला. "वेडा झालास काय लेका? जिनासुद्धा दमानं चढायचा, असं डॉक्टरनं बजावलंय मला. सामने बघायचे, तेही ओरडायचं नाही."

"तुला पळायचंच नाहीये. कोपऱ्यात उभा राहा. चेंडू आला तर बाजूला हो. खांदे भिडवायच्या स्क्रममध्येसुद्धा आज ढकलाढकली नाही, आपल्याकडं पुढच्या फळीचे गडीच नाहीत. नुसता बारावा म्हणून उभा राहा, कडी. ऐंशी मिनिटं."

"आणि घरी एव्हरिलला काय सांगू?"

विल्फनं त्यावर विचार केला नाही असं नाही. इथं येताना वाटेत त्यानं तोच विचार केला होता. "सांग, रेषेवर झेंडा धरायला जातोय."

कडीनं हातातल्या कांडीला माती लावून संपवली. मग हात झटकत उठला. "बूट कुठं पडलेत कुणास ठाऊक."

विल्फला इतका आनंद झाला की त्यानं कडीला मिठीच मारली. लाज वाटायला पुढं बराच वेळ लागला.

व्हॅनपाशी कप्तान कीरन स्टॉब्सनं कडीच्या हातातले बूट पाहिले आणि विल्फला बाजूला घेतलं. कीरन सव्वीस वर्षांचा, छपरांची कौलं बसवणारा, सरळ पोरगा.

"हे काय? कडीकाका खेळणार?"

"उभा राहणार."

"त्यांच्या बायकोला माहितीये?"

"माहितीये," विल्फ म्हणाला.

आजचा सामना रेव्हन्सह्यूशी, त्यांच्या मैदानावर; उत्तरेला, समुद्राच्या काठावर. दोन तासांचा रस्ता. तिथल्या कप्तानानं थॉर्नलॉचे बारा जण पाहून भलेपणानं आपले तीन राखीव गडी देऊ केले. पण उसने गडी घेतले तर सामना लीगचा धरत नाहीत. विल्फनं मान हलवली. मग त्यानं संघाचा कागद भरला. खाली छापलं होतं की यातले सर्व खेळाडू खेळण्यास तंदुरुस्त आहेत. त्याखाली त्यानं सही केली. सही नेहमीसारखीच आली.

मध्यंतराला अठ्ठेचाळीस-शून्य झालं होतं. थॉर्नलॉची पोरं चिखलात बसून धापा टाकत होती, पण कुणी रडत नव्हतं. आज हरायलाच आले होते सगळे.

"चेंडूनं मला ओळखलंच नाही रे," कडी संत्र्याची फोड चोखत म्हणाला. "दोनदा शेजारून गेला. रामराम नाही, काही नाही."

पोरं हसली. विल्फही हसला. कडीचा रंग चांगला होता, गाल वाऱ्यानं लाल झाले होते. होईल, विल्फला वाटलं. निभेल हे.

दुसऱ्या अर्ध्यात मात्र अकरा जणांनी पंधरा जणांना अडवायचं म्हणजे बाराव्याला नुसतं उभं राहू देणं कुणाच्या हातात नव्हतं. एकदा रेव्हन्सह्यूचा पोरगा थेट कडीच्या अंगावर आला. बाजूला व्हायचं असं ठरलं होतं, पण चाळीस वर्षांची सवय. कडीनं खांदा घातला आणि त्याला पाडला. पोरं ओरडली. कडी उठला, चार पावलं चालला, आणि डावा दंड चोळू लागला.

विल्फनं ते पाहिलं. सरळ, स्पष्ट पाहिलं. मग त्यानं घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं उरली होती.

कडी आता जबड्याला हात लावून उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं रेषेकडं वळून विल्फला शोधलं. त्या नजरेत प्रश्न होता, आणि तो काय आहे हे विल्फला नीट कळलं होतं. काठी वर करून रेफ्रीला हाक मारायची, एवढंच करायचं होतं. हाक मारली की अकरा जण उरणार, सामना थांबणार, तिसरा वॉकओव्हर लागणार.

विल्फनं काठी काखेत धरली. दोन्ही हातांची दहा बोटं वर केली, मिटली, आणि मग एक बोट दाखवलं.

कडीनं मान डोलावली आणि तो पुन्हा मैदानाकडं वळला.

सात मिनिटं तो टिकला. मग बुटाची नाडी बांधायला बसावा तसा खाली बसला, आणि कुशीवर कलंडला.

रेव्हन्सह्यूच्या संघात एक जण रुग्णवाहिकेवर काम करणारा होता. तो सर्वांत आधी पोचला. त्यानं जर्सी फाडली, छाती दाबायला सुरुवात केली आणि क्लबहाउसच्या भिंतीवरचं शॉक द्यायचं यंत्र आणायला माणूस पिटाळला. विल्फला कुंपणापासून तिथपर्यंत जाता येईना. लोखंडाच्या सांध्याचा त्यात काही दोष नव्हता. दुसऱ्या शॉकला कडीचं शरीर उडालं आणि कुणीतरी ओरडलं, "लागली! नाडी लागली!"

कडी जगला. तीन दिवस नळ्यांत होता, मग बोलू लागला.

बुधवारी लीगच्या समितीचं पत्र आलं. झाली ती दुर्दैवी घटना होती, त्यात कुणाचा दोष नव्हता. सामना जवळजवळ पूर्ण, शहात्तर मिनिटं झाला होता, तेव्हा निकाल कायम धरला जाईल. वॉकओव्हर लागणार नाही. पत्राच्या शेवटी सर्व क्लबांच्या वतीनं श्री. रेन यांना शुभेच्छा होत्या.

कीरननं ते क्लबात मोठ्यानं वाचलं आणि पोरांनी टेबलं बडवली. शनिवारी मैदानावर एकोणीस जण हजर झाले. गोदामवाला आला, पाठ धरलेला आला, सहा वर्षं न फिरकलेले दोघं आले. कडीसाठी खेळायचं, असं सगळे म्हणत होते. विल्फला एवढे गडी पुष्कळ दिवसांत मिळाले नव्हते. तो कपडे बदलायच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभा राहिला आणि आत गेला नाही.

रविवारी तो इस्पितळात गेला. एव्हरिल खालच्या कँटीनमध्ये चहाचा कप पुढ्यात घेऊन बसली होती. शाळेत ती विल्फच्याच वर्गात होती. गावातल्या वृद्धाश्रमात ती काम करायची, माणसं उचलून तिचे खांदे रुंद झाले होते.

"तो म्हणतो तुझा काही दोष नाही," ती म्हणाली. "म्हणतो, मीच ऐनवेळी हट्ट करून मैदानात उतरलो. विल्फ नको नको म्हणत होता."

विल्फ बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. वाफ्यांपाशी काय बोलला, झेंड्याची थाप कुणी सुचवली, कागदावरची सही, दंड चोळणं, बोटं.

एव्हरिल ओरडली नाही. तिनं कप बशीत सरळ केला.

"अकरा मिनिटं?"

"हो."

"तुला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग मला कशाला सांगतोस? मला सांगून मोकळा होऊ नकोस, विल्फ. ज्यांनी पत्रात लिहिलंय ना कुणाचा दोष नाही, त्यांना जाऊन सांग."

समिती महिन्याच्या पहिल्या मंगळवारी एका हॉटेलच्या वरच्या खोलीत भरायची. विल्फनं जाण्याआधी कीरनला सगळं सांगितलं. कीरन आधी लालबुंद झाला, मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला म्हणालात, तिला माहितीये."

"खोटं बोललो."

"आणि आता खरं बोलून क्लब बुडवणार? आत्ता कुठं एकोणीस पोरं उभी राहिलीयत, विल्फ! तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

विल्फनं कोट चढवला आणि निघाला. वाटभर त्यानं कीरनसाठी उत्तर शोधलं, आणि हॉटेलच्या दारातून दोनदा मागं फिरला. तिसऱ्यांदा आत गेला.

समितीतली पाचही माणसं त्याला तीस वर्षं ओळखत होती. तो बोलत असताना अध्यक्षानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे आम्हाला कळलं नसतं, विल्फ," शेवटी तो हळूच म्हणाला. "कधीच कळलं नसतं." मग त्याला बाहेर बसवलं. अर्ध्या तासानं आत बोलावून सांगितलं, की तंदुरुस्तीबद्दल जाणूनबुजून खोटी सही केल्यामुळं सामना रद्द धरला आहे. म्हणजे तिसरा वॉकओव्हर. थॉर्नलॉचं नाव बाद. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल.

दोन वर्षं कोण थांबतंय? एप्रिल संपायच्या आत पोरं पांगली. कीरन शेजारच्या क्लबात गेला. रस्त्यात भेटला तर तो विल्फला मान हलवून पुढं जायचा.

कडी घरी आला तेव्हा विल्फ भेटायला गेला. कडी खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, मान बारीक झाली होती. विल्फ दारात दिसताच त्यानं खुर्चीचे हात धरले.

"तू जाऊन सांगितलंस."

"खरं तेच सांगितलं."

"खरं! छाती फुटेस्तोवर उभा राहिलो मी तिथं. कशासाठी? तू जाऊन नाव खोडून यावंस म्हणून? ती बोटं मी पाहिली होती. मान मी डोलावली होती. तो निर्णय माझा होता, तुझा नव्हता!"

"तुझा?" एव्हरिल स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "आणि मला कुणी विचारलं रे? तुम्ही दोघांनी बोटं दाखवली, माना डोलावल्या, आणि पांढऱ्या कापडातलं मढं कुणाच्या अंगणात येणार होतं?"

कडीनं खुर्चीचे हात सोडले. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाला, "जा विल्फ. बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

विल्फ फाटकापाशी पोचला तेव्हा एव्हरिल मागून आली. तिचा चेहरा निवळला नव्हता.

"गुरुवारी दुपारी माझी ड्यूटी असते," ती म्हणाली. "डॉक्टरनं त्याला रोज अर्धा तास चालायला सांगितलंय, आणि एकट्यानं जायचं नाही. दोन वाजता ये."

"तो नको म्हणतोय."

"मी त्याला विचारत नाहीये, आणि तुलाही नाही. दोन वाजता."

गुरुवारी कडी टोपी घालून दारात उभा होता. विल्फला बघून त्यानं तोंड फिरवलं, पण पायरी उतरला. गल्लीच्या टोकापर्यंत आणि तिथून मैदानाच्या कुंपणाकडेनं ते चालत गेले. एकाला दम लागत होता, एकाची काठी वाजत होती. आत गवत घोट्याच्या वर आलं होतं. कडी दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा विल्फ थांबून त्याचा चेहरा न्याहाळत राहिला, तो पुन्हा चालू लागेपर्यंत.

त्या दिवशी कडी एक शब्दही बोलला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. विल्फ दर गुरुवारी दोनला जात राहिला.