मुठीच्या डब्यात दुसरा हात

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही कोणावर ठेवत नाही. ज्याच्या पोटात लोक काही ठेवतात, त्याला संशय शिकवावा लागत नाही.

इतवारीतल्या एका कारागिराने तेलाचे पिंप कापून मला घडवले. गोळीबार चौकामागे राहणाऱ्या प्रेमिलाने मला घरी नेले. तिचा नवरा शालिकराम हातमागावर लुगडी विणायचा. घर ख्रिस्ती होते. भात टाकण्यापूर्वी प्रेमिला एक मूठ तांदूळ बाजूला काढायची, डोळे मिटून माझ्यात टाकायची आणि म्हणायची, "प्रभू, हा तुझा वाटा."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चच्या मंडळीतल्या बायका आपापले डबे देवळात, म्हणजे चर्चमध्येच, नेत आणि सर्वांसमोर मोठ्या पातेल्यात ओतत. ते तांदूळ गरजूंच्या घरी जात. मी ओतला गेलो की मोठा आवाज होई. लोक वळून पाहत. मला ते आवडायचे.

झाकण.

(झाकण लागले की मला दिसत नाही, नुसते ऐकू येते. म्हणून माझी गोष्ट अशी तुकड्यांची आहे.)

उघडले.

दुष्काळाचे साल, बाहत्तर. सूत मिळेनासे झाले आणि माग थांबला. माग थांबलेल्या घरात कुजबूजही मोठ्याने ऐकू येते.

"काहून वं," शालिकराम म्हणाला, "आपल्यालेच पुरत नाही, अन् तू देवाले मूठ देऊन राहिली?"

"त्याचा वाटा त्याले. आपलं तो पाहीन."

"पाहून राहिला ना. वरून. आरामात बसून."

मूठ पडली. लहान झाली असेल असा मला संशय होता. झाली नव्हती.

झाकण.

उघडले. दुपार. झाकण जेमतेम हात जाईल एवढेच सरकले; चेहरा दिसला नाही. बांगड्यांचा आवाज नाही. हाताला मिसरीचा वास. या हाताने काही टाकले नाही. काढले.

चोर! पण डब्याला ओरडता येत नाही.

झाकण.

तो हात रोज येऊ लागला. मी हलका होत गेलो. शेजारीण? शालिकराम? मी सगळ्यांवर संशय घेऊन झालो. मग एका सकाळी बाहेरून प्रेमिलाचा आवाज आला, किती आनंदी!

"आई, मडक्यातले तांदूळ सरूनच नाही राहिले! देव पुरवून राहिला."

"हो वं बाई. देवच." हा तिच्या सासूचा, रुख्माबाईंचा आवाज. तोंडात मिसरी धरल्यासारखा.

तेव्हा मला कळले. सुनेने देवाला दिलेले तांदूळ म्हातारी काढत होती आणि घरच्या मडक्यात टाकत होती. तेच तांदूळ घरातल्या घरात फिरत होते. मग यात देव कुठे होता? मला आता त्याचाच संशय येऊ लागला.

शेवटचा रविवार आला. प्रेमिलाने मला उचलले आणि ती तशीच उभी राहिली.

"आई, डबा हलका लागून राहिला."

"मीच काढले वं. माझ्या पोराच्या ताटासाठी मडक्यात टाकले. देवाले उपास चालतो, त्याले नाही चालत."

"म्हणजे देव पुरवून नव्हता राहिला? तुम्ही होत्या?"

"मले काय ठाव, बाई. हात माझा होता, एवढं खरं."

शालिकराम म्हणाला, "नको जाऊ आज. हसतील लोक."

प्रेमिलाने मला काखेत घेतले. मग तिने पदर सावरला. "रिकामा तर रिकामा. त्याले खोटं कशाले दाखवू?"

देवळात तिची पाळी आली. तिने मला पातेल्यावर पालथा केला. चार दाणे पडले. आवाजच झाला नाही. लोक वळले, ते त्या शांततेकडे.

पातेल्याजवळ मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार पाहणारे, मनोहरराव उभे होते. हा आता चारचौघांत बोलणार, असा मला पक्का संशय.

"माग बंद हाय काय, बाई?"

"हाय."

"मग सांगितलं काहून नाही? आजवर तुमचेच तांदूळ वाटून राहिलो ना आम्ही!"

त्यांनी मला तिच्या हातून घेतले आणि पातेल्यात बुडवले.

"हे गरिबाइचं हाय," प्रेमिला पुटपुटली.

डबा घेऊन मागे पाळीत उभी असलेली जिजाबाई म्हणाली, "धर ना वं मुकाट्यानं! माझ्या तांदळात खडे हाय, तेवढे निवडून घेजो."

सगळ्या बायका हसल्या. प्रेमिलाही हसली, पण उशिरा.

मी नेहमी भरून जायचो आणि रिकामा परतायचो. त्या दिवशी उलटे झाले. घरी तिने सगळे तांदूळ मडक्यात ओतले आणि मग त्यातली एक मूठ परत माझ्यात टाकली. "प्रभू, हा तुझा वाटा." या वेळी डोळे उघडे होते, आणि ती सासूकडे पाहत होती.

"नाही काढत वं आता," रुख्माबाई म्हणाल्या.

"काढा. पण मले सांगून काढा."

आता माझ्यात बटणे ठेवतात. तळ गंजला आहे. मित्रांनो, ते तांदूळ देवाने दिले की जिजाबाईने, हे मला अजून ठरवता आलेले नाही. प्रेमिला म्हणायची, त्यात ठरवायचे काय? मी डबा आहे, मला पटायला वेळ लागतो. एवढेच मागतो, कोणाच्या घरचा डबा हलका लागला तर आधी चोर शोधू नका. विचारा.

आणि झाकण लावायचे तर सावकाश लावा. मला अजून थोडे ऐकायचे आहे.