सकाळी सहा ते आठ, तात्यासाहेबांसमोर

सोसायटीच्या वार्षिक सभेत अनंतराव उभे राहिले आणि म्हणाले, की उपविधीनुसार गच्ची सगळ्या सभासदांची असते, तिला अध्यक्षांना स्वतःचं कुलूप लावता येत नाही. बोलताना त्यांनी उपविधीचा क्रमांकही सांगितला. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला क्रमांकाशिवाय वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

अध्यक्ष तात्यासाहेब खुर्चीतून उठलेही नाहीत. गच्चीवर त्यांच्या शेतातल्या मिरच्या वाळत होत्या आणि चावी त्यांच्या खिशात होती. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "अनंतराव, चौतीस वर्षं फायलींना टाचण्या टोचल्या म्हणून कायदा येत नाय. वकील होऊन या. मंग बोलू."

सभा हसली. त्याचं अनंतरावांना फारसं काही वाटलं नाही. सभेला हसायलाच बोलावलेलं असतं. पण हसणाऱ्यांत तिसऱ्या रांगेत त्यांच्या पत्नी उमाबाईही होत्या. घरी आल्यावर त्यांनी जाब विचारला, तेव्हा उमाबाई म्हणाल्या, टाचण्यांचं जरा बरं जमलं होतं त्यांना. अनंतरावांनी वकील व्हायचं ठरवलं ते तिथंच, बूट काढता काढता.

वय चौसष्ट. चौकशी केल्यावर कळलं, की पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या कायद्याला वयाची अट नाही, फक्त प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती अकरा आठवड्यांवर होती. वकिली करून कुणा गरिबाला न्याय वगैरे द्यावा, असा अनंतरावांचा विचार नव्हता. त्यांना आयुष्यात एकच नोटीस पाठवायची होती, ती तात्यासाहेबांना. तिचा मसुदा त्यांनी त्याच आठवड्यात लिहून ठेवला. आता फक्त वकील होणं बाकी होतं.

औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी चार जाडजूड पुस्तकं आणली. दुकानदारानं विचारलं, नातवासाठी का? अनंतराव हो म्हणाले, आणि त्या नसलेल्या नातवाला दुकानदारानं यशासाठी शुभेच्छा दिल्या.

वेळापत्रक करण्यात चार दिवस गेले, कारण त्यात पाच रंग होते. मग त्यांनी हजेरीपट आखला. रोज सकाळी सहाला सही, तीन उशिरांना एक किरकोळ रजा कापायची, वर सक्षम अधिकारी म्हणून स्वतःच. पहिला आठवडा ठीक गेला. दुसऱ्या आठवड्यात ते नऊला उठून सहाची सही करू लागले. तिसऱ्या आठवड्यात सोमवारीच शनिवारपर्यंतच्या सह्या उरकल्या, म्हणजे तेवढं काम हातावेगळं झालं. महिनाअखेरीस हजेरी शंभर टक्के भरली आणि पुस्तक पान एकेचाळीसवर होतं. अनंतरावांनी समाधानानं पट मिटला. या कार्यालयात फसवला जाणारा माणूस आपणच आहोत, हे लक्षात यायला त्यांना चहाचा अख्खा कप लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच वीज गेली, म्हणून ते उजेडासाठी पुस्तक घेऊन गॅलरीत आले. समोरच्या इमारतीत, बरोबर त्यांच्या समोरच्या गॅलरीत, तात्यासाहेब बनियनवर चहा पीत बसले होते. मधे जेमतेम तीस फूट.

"काय अनंतराव," तिकडून आवाज आला, "कुठवर आली वकिली?"

अनंतराव खाली बसले आणि दोन तास त्यांनी मान वर केली नाही. उठले तेव्हा चाळीस प्रश्न सोडवून झाले होते, पाठ ताठ होती आणि जांभई एकही आलेली नव्हती. शत्रूसमोर जांभई देववत नाही.

त्या दिवसापासून सहा ते आठ गॅलरी ठरली. हजेरीपटाला फसवता येत होतं, तात्यासाहेबांना नाही. एकदा सव्वासहा झाले, तर समोरून त्यांनी स्वतःच्या मनगटावर दोनदा बोट आपटून दाखवलं. अनंतरावांना ताप आला तेव्हाही ते चादर पांघरून बसले, कारण न बसावं तर ही बातमी आठच्या आत सगळ्या सोसायटीत फिरली असती. आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं आणि सगळी सोसायटी बादल्या घेऊन खाली धावायची. अनंतराव जागचे हलत नसत. बादल्या उमाबाई आणत. त्या काही बोलत नसत, पण विसरतही नव्हत्या. सरावाच्या प्रश्नपत्रिकेत अडतीस मार्क पडत होते, ते पाच आठवड्यांत एक्काहत्तरवर गेले.

परीक्षेला तेरा दिवस उरले असताना, पाणी आलेल्या दिवशी, तात्यासाहेबांच्या सुनेनं, मोनिकानं, नळावर उमाबाईंना एक गोष्ट सांगितली आणि कुणाला सांगू नका म्हणाली. उमाबाईंनी ती वर येईपर्यंत तरी कुणाला सांगितली नाही. तात्यासाहेबांनीही फॉर्म भरला होता. सकाळी ते गॅलरीत पेपर वाचतात असं दिसे, पण पेपरच्या आत गाईड असे. समोरचा माणूस वकील होऊन आला तर सभेत आपलं कोण ऐकणार, असा त्यांचा हिशेब होता. मोनिकाला ते म्हणाले होते, समोरचा बसला की मला बसवतं, समोरचा उठला की माझे डोळे मिटतात.

पाच आठवडे आपण ताप अंगावर काढून या माणसाची शिकवणी घेतली, हे अनंतरावांना पचेना. आता गॅलरीत बसावं तर दोघंही पास होणार, न बसावं तर दोघंही बुडणार. दुपारपर्यंत त्यांनी दोन्ही बाजू कागदावर मांडल्या आणि मग तिसरी काढली.

दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला ते गॅलरीत आले. हातात पुस्तक नव्हतं, भाजलेल्या शेंगा होत्या. तात्यासाहेबांनी पेपरवरून टक लावून पाहिलं आणि विचारलं, आज सुट्टी का? अनंतराव म्हणाले, सोडलं तात्यासाहेब, वय झालं, आपल्याच्यानं होत नाही. त्यांनी उसासाही टाकला, आणि तो बरा निघाला म्हणून थोड्या वेळानं आणखी एक टाकला.

तात्यासाहेब दोन दिवस पेपर घेऊन आले. तिसऱ्या दिवशी नुसता चहा घेऊन आले. पाचव्या दिवशी आलेच नाहीत. साडेआठपर्यंत झोपतात, असं मोनिकाकडून कळलं. अनंतराव मात्र रोज सहा ते आठ शेंगा खात राहिले. त्यातही त्यांनी खंड पडू दिला नाही.

खरा अभ्यास दुपारी तीन ते पाच, स्वयंपाकघरात, भिंतीकडं तोंड करून करायचा ठरला होता. पहिल्याच दिवशी ते नुकसानभरपाईच्या प्रकरणावर गाल टेकून झोपलेले सापडले. उमाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी ताट घेतलं, स्टूल ओढून नवऱ्याच्या बरोबर समोर बसल्या आणि म्हणाल्या, "काय अनंतराव, कुठवर आली वकिली?"

आवाज हुबेहूब होता. अनंतराव दचकून ताठ झाले.

बारा दिवस उमाबाईंनी त्यांना सोडलं नाही. उत्तर चुकलं की त्या टाचण्यांचा विषय काढत. पेंग आली की पाण्याच्या बादल्या मोजून दाखवत, मजल्यांसकट. नापास झालात तर तात्यासाहेबांना स्वतः पेढे नेऊन देईन, असं त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि ते त्या करतील याबद्दल अनंतरावांना शंका नव्हती. अडतीस वर्षांच्या संसारातलं बरंच काही त्या बारा दुपारींत निघालं. तात्यासाहेब शत्रू म्हणून तसे हौशीच होते, हे अनंतरावांना तेव्हा समजलं.

परीक्षा बजाजनगरच्या बाजूला एका कॉम्प्युटर सेंटरवर होती. रांगेत सगळी विशी-बाविशीची पोरं, आणि त्यांच्यात चार माणसं पुढं तात्यासाहेब, हातात हॉलतिकीट. त्यांनी मागं वळून पाहिलं. अनंतरावांच्या हातातल्या हॉलतिकिटाकडं बघत ते म्हणाले, तुम्ही तर सोडलं होतं. परत धरलं, असं अनंतराव म्हणाले. एका मुलीनं आजोबा पुढं या म्हणून आपली जागा देऊ केली, ती दोघांनीही घेतली नाही.

निकाल लागला. अनंतरावांना अठ्ठ्याऐंशी पर्सेंटाइल, तात्यासाहेबांना एकेचाळीस. शहरातल्याच एका कॉलेजात, सकाळच्या सत्रात, अनंतरावांना प्रवेश मिळाला. पेढे वाटायला त्यांनी समोरच्या इमारतीपासून, आणि त्या इमारतीत तात्यासाहेबांपासून सुरुवात केली. तात्यासाहेबांनी पेढा तोंडात टाकेपर्यंत ते दारातून हलले नाहीत. नंतर म्हणाले, आणखी एक घ्या.

चार दिवसांनी तात्यासाहेब अनंतरावांच्या घरी आले. चहा झाला. मग त्यांनी खिशातून गच्चीची चावी काढली आणि टीपॉयवर ठेवली.

"पुढल्या साली परत बसणार हाय मी," ते म्हणाले. "घरी लई करून पाहिलं. पोराला समोर बसवलं, ते मोबाईल बघतं. सुनेला बसवलं, तर ती मान देती. मान देणाऱ्यापुढं अभ्यास होत नाय, अनंतराव. तुम्ही आपले सकाळचं गॅलरीत बसत जा. ही घ्या चावी."

अनंतरावांनी चावी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि परत तात्यासाहेबांच्या पुढ्यात सरकवली. या क्षणाची चव त्यांना सावकाश घ्यायची होती.

"तुमच्याकडंच राहू द्या," ते म्हणाले. "कुलूप निघालं तर मी नोटीस कशाची पाठवू? तीन वर्षं थांबा. आणि सकाळी सातला माझं कॉलेज असतं."

तात्यासाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, आणि अनंतरावांनी तो पाहून घेतला. तेवढ्यात उमाबाई कपबशा उचलायला आल्या. कपबशा तिथंच राहिल्या, चावी त्यांनी उचलली आणि पदराच्या टोकाला बांधली.

"तात्यासाहेब, मी बसते तुमच्यासमोर," त्या म्हणाल्या. "सहा ते आठ. मला सराव आहे. एक दिवस चुकलात तर सगळ्या सोसायटीला सांगीन."

तात्यासाहेब हात जोडून, बरं वहिनी म्हणून, लगबगीनं बाहेर पडले. अनंतराव बायकोकडं बघत राहिले. त्यांनी विचारलं, की मग माझ्या नोटिशीचं काय?

"पाठवायचीच असेल तर मला पाठवा," उमाबाई म्हणाल्या. "चावी आता माझ्याकडं आहे."