आत आलात, तर हात लावा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी डेरा आहे. माझ्या झाकणातून रवी वरखाली होते आणि पोटातल्या साईचं लोणी होतं. आयर्लंडमध्ये, कॉर्कच्या डोंगरात, गॉबनेटबाईंच्या लग्नात मी त्यांच्या घरी आलो. काय तो माझा थाट! घुसळण चालू असताना जो आत येईल त्याने रवीला हात लावायचाच. नाहीतर घरचं लोणी त्याच्या मागोमाग निघून जातं म्हणे. पाद्रीबाबांचीसुद्धा सुटका नव्हती.

पुढे लोकांनी देशावर राज्य करणाऱ्या इंग्रजांच्या न्यायालयाकडे पाठ फिरवली. कुंपणांचे, गाईगुरांचे तंटे ते आपल्याच न्यायालयात मिटवू लागले. बाईंची लेक युना तिथले निवाडे वहीत लिहायची. सरकारने ही न्यायालयं बेकायदा ठरवली होती; ती वही सापडली असती, तर तिला तुरुंगच होता.

एका सकाळी फाटकाशी सरकारी शिपायांची गाडी थांबली. युनाने वही मेणकापडात गुंडाळून माझ्या पोटात सोडली आणि बाई घुसळायला लागल्या.

तीन शिपाई आत आले. दोघे माळ्यावर चढले. तिसरा, पिकल्या मिशांचा, माझ्यासमोर उभा राहिला. आणि बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आत आलात, तर हात लावा."

युना पांढरीफटक पडली. त्याने बंदूक भिंतीला टेकवून रवी धरली. धप्प! ती वहीवरच आपटली. तो थांबला. त्याने युनाकडे पाहिलं. मग पुन्हा घुसळू लागला, पण किती हळुवार!

"माझी आई म्हणायची, लोणी येत असताना झाकण उघडू नये."

"शहाणी होती," बाई म्हणाल्या. "मग लेक असा दुसऱ्यांच्या घरात कसा शिरला?"

तो घुसळतच राहिला. माळ्यावरचे खाली आल्यावर म्हणाला, "इथे नुसतं ताक आहे. चला."

त्या दिवशी लोणी भरपूर आलं. बाईंनी त्यातला एक गोळा खिडकीत ठेवला होता, कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही.

आता लोणी कारखान्यात बनतं. मी गोठ्यात फाटक्या छत्र्या सांभाळतो. पाणी न मिळाल्याने माझ्या फळ्यांत फटी पडल्या आहेत. मित्रांनो, कधी इकडे आलात, तर छत्री ठेवून तसेच जाऊ नका. तांब्याभर पाणी ओता, आणि रवीला एकदा हात लावा. परक्यानेही लावला होता. तुम्ही तर माझे मित्र.