चिरफाडीचा फळा

मी एक जुना फळा आहे. खडूने लिहायचा नव्हे, टाचण्या टोचायचा. माझा स्वभाव गोड असेल अशा आशेने ऐकायला बसला असाल, मित्रांनो, तर आताच उठा.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँगच्या एका डिझाइन कॉलेजच्या सुतारखोलीत झाला. पाठीला जाड प्लायवूड, छातीवर बुचाचा थर, भोवती लाकडी चौकट आणि खाली चाके. सुताराने माझ्यावरून हात फिरवला आणि "झकास" म्हणाला. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक, आणि पुढे कितीतरी वर्षे तेच शेवटचे होते. दुसऱ्या दिवशी मला वर्गात नेले आणि पोरांनी टोचायला सुरुवात केली.

त्या वर्गात एक रीत होती. पोरे तिला चिरफाड म्हणत. प्रत्येकाने आपले काम नाव न घालता माझ्यावर लावायचे, मागे जाऊन बसायचे, आणि बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचे. ज्याचे काम असेल त्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचे नाही. "ही अक्षरं आहेत की मुंग्या?" "हा रंग बघून मळमळतंय मला." जो अधिक टोचून बोले त्याचा मान मोठा. कुणी नुसते "छान आहे" म्हटले तर तो अपमान समजत, कारण मग कामात बोलण्यासारखेही काही नाही असे ठरे. रडवेली झालेली पोरे मी पुष्कळ पाहिली. मला त्यांची दया आली नाही. टाचण्या माझ्या छातीत होत्या, त्यांच्या नव्हे.

दर हिवाळ्याच्या सुट्टीत या पोरांना परोपकाराची उबळ येई. आसपासच्या सेवाभावी संस्थांना बोलवायचे आणि त्यांची पत्रके, पोस्टरे, बोधचिन्हे फुकट करून द्यायची. काम सुरू व्हायच्या आधीच एकमेकांचे फोटो काढून होत. "आपण फुकट करतोय" हे वाक्य तर इतक्यांदा कानावर पडे की मला त्या सगळ्यांचा मनापासून वीट आला होता.

एका वर्षी पोर्ट केंब्लाहून स्लावित्सा त्रायकोव्स्का आली. सत्तरीची मॅसिडोनियन बाई, अंगात काळा स्वेटर, ओठ घट्ट मिटलेले. तिचा नवरा ब्लागोया पोलादाच्या कारखान्यात होता आणि सुट्टीच्या दिवशी समुद्राकाठच्या खडकांवर गळ टाकून बसे. एका लाटेने त्याला ओढून नेले. तेव्हापासून ती खडकांवर मासे धरणाऱ्यांना लाइफ जॅकेटे वापरायला देत असे, एक पैसाही न घेता. तिच्या घरी जॅकेटांचा ढीग होता, पण न्यायला कुणी येत नव्हते. मागच्या उन्हाळ्यात त्याच खडकावरून एक तरुण मुलगा वाहून गेला होता. ज्याच्यामुळे माणूस अंगात जॅकेट घालील असे पोस्टर तिला हवे होते, बाकी काही नको होते.

तिने आपले जुने पोस्टर पुढे केले. गटाची म्होरकी कीली नावाची मुलगी होती. हुशार, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर. तिने ते पोस्टर माझ्यावर टोचले आणि सवयीने म्हणाली, "चला, चिरफाड."

दुसऱ्या कुणीही आधी विचारले असते, की बाई, हे काढले कुणी? पण यांच्या रीतीत काढणाऱ्याचे नाव विचारायचेच नसते. पोरे तुटून पडली.

"माणूस आहे की बटाट्याचं पोतं?" डेक्लन नावाचा मुलगा म्हणाला.

"आणि ही लाट? कुणीतरी आंघोळीची बादली उलटी केलीय."

"ए, याला तोंडच नाही! काढायला विसरले वाटतं."

"विसरले कसले, जमलं नसेल," कीली म्हणाली. "पाठमोरा काढला की सुटलो. आळशी लोकांची जुनी युक्ती आहे."

वर्ग खो खो हसला. मागच्या खुर्चीतली स्लावित्सा सगळ्यांचे बोलून होईपर्यंत थांबली आणि मग उभी राहिली.

"झालं तुमचं? ते मी काढलंय. तो माझा नवरा आहे. त्याचं तोंड काढायला घेतलं की माझा हात चालत नव्हता, म्हणून पाठमोरा काढला. म्हणा त्याला आळस."

ग्रेम नावाचे त्यांचे मास्तर पुढे झाले. "बाई, मनावर घेऊ नका. आमच्याकडे याला आदरच समजतात."

"आदर तुमच्याकडेच ठेवा. मला पोस्टर हवंय."

कीलीचे कान लाल झाले होते. माफी मागायची सोडून ती भडकली. "सुट्टी मोडून फुकट करतोय आम्ही, बाई!"

"मग काय पाया पडू तुझ्या? मी जॅकेटं फुकटच देते. कुणाला पाया पडायला लावलं नाही अजून."

खरे सांगतो, मित्रांनो, मला फार बरे वाटले. इतक्या वर्षांत त्या पोरांना कुणीतरी उलटे टोचले होते.

कीलीने हट्टाने पोस्टर केले. पांढराशुभ्र कागद, मधोमध एकच केशरी जॅकेट, खाली बारीक अक्षरांत दोन शब्द: घरी या. वर्गाने श्वास रोखला. स्लावित्साने ते पाहिले आणि म्हणाली, "याची चिरफाड तुम्ही नाही करायची. ज्यांच्यासाठी केलंय ते करतील. माझंही लावा शेजारी. बघू कोण कुणाला हसतं."

तिने मला आपल्या पिकअपमध्ये आडवे टाकून दोरीने बांधले. ग्रेम मागे धावत आले. "बाई, फळा कॉलेजचा आहे!"

"मग करू दे की त्यालाही थोडी सेवा!" ती खिडकीतून ओरडली आणि गाडी हाकली.

खडकाकडे उतरणाऱ्या वाटेवर मला उभे केले आणि तिच्याबरोबर गाडीतून आलेल्या कीलीने दोन्ही पोस्टरे माझ्यावर टोचली. खारा वारा बुचात घुसला. मासे धरणारे दोघे जवळ आले: ब्लागोयाचा जुना सोबती रिस्तो, आणि व्हिएतनामहून तरुणपणी आलेला चुंग, ज्याच्या जिभेला हाड नव्हते.

चुंगने कीलीचे पोस्टर न्याहाळले. "जॅकेटचं दुकान निघालं का? केवढ्याला पडतं?"

"किंमत बारीक अक्षरात असणार, नेहमीसारखी," रिस्तो म्हणाला. "चष्मा लाव."

स्लावित्सा हसली. मी तिला हसताना प्रथमच पाहत होतो. "आता माझं," ती म्हणाली.

रिस्तो आमिषाच्या डब्यात बघू लागला.

"बोला ना!" कीली म्हणाली. "आमच्याकडे न बोलणं हा अपमान असतो. आणि बाई, तुम्ही शेवटपर्यंत गप्प बसायचं. नियम आहे."

"बसते की," स्लावित्सा म्हणाली.

"ताई," चुंग म्हणाला, "गळ टाकायला निघालेला माणूस मेलेल्याचं चित्र कशाला बघेल? ते टाळायला आम्ही पलीकडच्या वाटेने येतो."

मग रिस्तोचीही भीड चेपली. "आणि वहिनी, जॅकेट मागायला तुझ्या दारात आलं की तू ब्लागोयाची सगळी कहाणी सांगतेस. वर विचारतेस, बायकोला विधवा करायचीय का? सकाळी सकाळी हे कोण ऐकेल? त्यापेक्षा भिजलेलं परवडलं."

"गेल्या उन्हाळ्यात गेला ना, तो पोरगा," चुंग खाली बघत म्हणाला, "तुझ्या फाटकापर्यंत आला होता. आत तू कुणाला तरी झापत होतीस. आवाज ऐकून फिरला माघारी. मी त्याच्या मागेच होतो. मीही फिरलो."

स्लावित्साचा चेहरा पांढरा पडला. तिने नियम पाळला, पण तिचा हात माझी चौकट घट्ट धरून होता. त्या क्षणी मला तिची दया आली. कुणाची दया येण्याची माझी ती पहिलीच वेळ.

"हे आज सांगतोस?" शेवटी ती म्हणाली.

"विधवेच्या तोंडावर कोण बोलणार, ताई?"

कीलीने एकदम माझ्यावरची दोन्ही पोस्टरे उपसली, आपले चुरगाळले आणि मला फिरवून माझी पाठ वाटेकडे केली. "पोस्टर नकोच. याच्या पाठीला खुंट्या मारू. जॅकेटं इथंच, वाटेवर टांगायची. घ्या, घाला, परत टांगा. कुणाशी बोलायला नको, कुणाचं ऐकायला नको."

"चोरतील," स्लावित्सा म्हणाली.

"चोरू देत. चोरलेलं अंगात तरी घालतील."

"मग मी काय करायचं?"

"आता करताय तेच. गप्प बसायचं."

किती उद्धट पोरगी! स्लावित्सा तिच्याकडे जळजळीत नजरेने बघत राहिली. मग गाडीकडे गेली आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली.

टाचण्या परवडल्या, मित्रांनो. स्क्रू पाठीत शिरताना मी दोघींना मनसोक्त शिव्या दिल्या. ग्रेम कॉलेजात आदळआपट करत राहिले, कारण वार्षिक प्रदर्शनात लावायला गटाकडे एक पोस्टरही उरले नव्हते. मला मात्र कुणी परत नेले नाही. माझी चाके गंजली, बुचाचे पापुद्रे उडाले, आणि समुद्रपक्ष्यांनी माझे जे केले ते सांगण्यासारखे नाही. पण सकाळी खुंट्या रिकाम्या होऊ लागल्या आणि दुपारी भरू लागल्या. स्लावित्सा दूर गाडीत काचा चढवून बसे. तोंड बंद ठेवणे तिला किती जड जात असे, ते तिच्या मानेवरून कळे.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी मोठ्या लाटेने चुंगला नेले. त्याची केशरी पाठ पाण्यावर दिसत होती, मग दिसेनाशी झाली, मग पुन्हा दिसली. रिस्तो दोर घेऊन धावत होता. स्लावित्सा गाडीतून उतरून दार धरून उभी होती. दोर चुकला. पुन्हा टाकला. बऱ्याच वेळाने चुंग खडकावर आला आणि आल्या आल्या समुद्राला आई-बहिणीवरून बोलू लागला.

कुडकुडत तो वर आला. स्लावित्साने तोंड उघडले.

"भाषण नको, ताई."

"देत नाही," ती म्हणाली आणि आपला काळा स्वेटर काढून त्याच्या अंगावर टाकला. मग तिथेच मातीत बसून ती मोठ्याने रडली. चुंगने जॅकेट माझ्या खुंटीला अडकवले आणि तो तिच्या शेजारी बसून राहिला.

मित्रांनो, खाऱ्या पाण्याने माझे प्लायवूड आता फुगले आहे. कीली अधूनमधून येऊन वॉर्निश लावते आणि सगळ्यांवर खेकसते की जॅकेटे वाळवून टांगा, नाहीतर फळा कुजेल. वॉर्निश लावायला तुम्हीही या. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तेवढी काळजी लागतेच. पण तिचे ते वाळवण्याचे म्हणणे ऐकू नका. संध्याकाळ होत आली आणि एखादी खुंटी रिकामी असली की मला दुसरे काही सुचत नाही. म्हणून माझी फिकीर करू नका. भिजलेले असेल तर भिजलेलेच टांगा, पण परत या आणि तुमच्या हाताने टांगा.