नणंदेने बोलावलेली ॲम्ब्युलन्स

रूसे शहरातली निवृत्त नर्स स्टांका आजारी धाकट्या भावाकडे, बोगोमिलकडे आली, तेव्हा भावजय दोबरिन्का गाळलेली कॉफी कोमट करत होती. प्यायला नव्हे, एनिमासाठी. बोगोमिल बाथरूमच्या फरशीवर कुशीवर पडला होता. ओठ सुकलेले, पायात गोळे आलेले.

"दिवसातून कितीदा देतेस?"

"चारदा. यकृतातलं विष निघतंय. तुमच्या हॉस्पिटलनं तरी काय दिवे लावले?"

"विष कसलं, अंगातलं पाणी आणि क्षार निघून चाललेत. नाडी बघ, कशी अडखळतेय."

"वन्सं, माझ्या घरात तुमची ड्यूटी नको."

स्टांकाने ॲम्ब्युलन्स बोलावली. दोबरिन्का दार अडवून उभी राहिली, तेव्हा तिला ढकलून बाजूला केलं.

तीन दिवस सलाइन लागल्यावर बोगोमिल उठून बसला. स्टांका सूप घेऊन गेली, तर त्याने तोंड फिरवलं.

"तू तिच्या अंगावर हात टाकलास. आधी तिची माफी माग."

"नाही मागणार."

"मग येऊ नकोस."

तिने सूप शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला दिलं. मग डॉक्टरांना गाठून म्हणाली, "घरी सोडताना एनिमाबद्दल दोघांनाही तुम्हीच बजावा. माझं ते ऐकायचे नाहीत."