दहा नंबरचं भिंग

लातूरच्या गंजगोलाईजवळ ज्याचं चष्म्याचं दुकान, त्या मल्लिकार्जुनप्पांच्या लेकीनं भिंगाच्याच गणितांत मार खावा, याला काय म्हणावं? दिव्याखाली अंधार, दुसरं काय! अन् तेही एकदा नाही, दोनदा.

शिवानीला डोळ्यांची डॉक्टर व्हायचं होतं. कॉलेजात मेडिकलची तयारी करून घेणाऱ्या अकरावीच्या स्पेशल बॅचसाठी चाळीस पोरं निवडायची होती. तीन चाचण्या होत्या. पहिल्या दोन्हींत तिचं नाव आलं नाही, आता उरली एकच, रविवारची.

"ह्या खेपेला नाव आलं न्हाई, तर डॉक्टरकी डोक्यातून काढायची," अप्पांनी जेवताना सांगून टाकलं. "माझ्यासंगं गल्ल्यावर बसायचं. डॉक्टरकीपायी पुतण्याची चार वर्षं वाया गेलेली बघितलीत मी."

"हाव," म्हणाली शिवानी, अन् ताट घेऊन उठली.

तिचं घोडं अडत होतं मायनसपाशी. दुकानात वाढलेली पोर ती. प्लसच्या नंबरातनं अक्षर मोठं दिसतं, मायनसच्या नंबरातनं बारीक, हे तिला पाटी-पेन्सिलीच्या आधीपासून पाठ. त्यामुळं गणितात मॅग्निफिकेशन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट ते, उणे दोन आलं, की ही बिनदिक्कत लिहायची, 'प्रतिमा लहान'. सर लाल रेघ ओढायचे अन् ओरडायचे, "चिन्ह बघ, चिन्ह!" आता ती बिचारी चिन्हच तर बघत होती, तिथंच सगळा घोळ होता.

शुक्रवारी दुपारी लाईट गेलेली. ऊन आत येऊ नये म्हणून शटर अर्धं ओढून शिवानी वही घेऊन बसली होती. अप्पा घरी जेवायला गेले होते. तेवढ्यात वाकून आत आल्या कावेरीबाई. मुखेडच्या, लेकीकडं लातूरला आलेल्या. आठवड्यापूर्वी पोथी वाचायला दहा नंबरचं हातातलं भिंग घेऊन गेल्या होत्या.

"बदलून दे गं हे. फसवलं तुमी मला."

"काय झालं मावशी?"

"पोथीवर धरलं की अक्षर मोठं दिसतंय, त्याचं काय न्हाई. पण हात लांब करून रस्त्याकडं बघितलं, तर ऑटो उलटा! चाकं वर! नात म्हणली, आजी, नकली माल हाय."

शिवानीला हसू आवरेना. "माल चांगला हाय मावशी. जवळचं सुलट दाखवतंय, लांबचं उलटं. अन् उलटं म्हणजे बारीकच."

"ते कशावरून?"

"पुस्तकात हाय की."

"मला दाखव," कावेरीबाई स्टुलावर बसल्याच. म्हातारी ऐकणारी नव्हती.

समोर वहीत तेच गणित उघडं होतं. भिंगाचं नाभीय अंतर दहा सेंटिमीटर, म्हणजे नेमकं हेच दहा नंबरचं भिंग, वस्तू पंधरावर, प्रतिमा पलीकडं तीसवर, मॅग्निफिकेशन उणे दोन. शिवानीनं कावेरीबाईंच्या मोबाईलवर नातीचा फोटो लावला, उजेड पूर्ण वाढवला, पट्टीनं मोजून पंधरावर भिंग धरलं, अन् पलीकडं तीसवर कोरा कागद.

कागदावर नात उतरली. डोकं खाली, रिबिनी तळाला, अन् चांगली दुप्पट मोठी!

"अगं बया बया!" कावेरीबाईंनी टाळी वाजवली. "पोरगी उलटी झाली, पण केवढी मोठी झाली! काय गं, उलटं झालं म्हणून बारीक झालं न्हाई की!"

शिवानीनं वहीतल्या उणे दोनकडं बघितलं. म्हणजे उणे फक्त 'उलटी' म्हणत होतं. लहान की मोठी, ते सांगायचं काम दोनचं होतं. चष्म्याचा मायनस वेगळा, अन् हा मायनस वेगळा. एका गावात दोन हनुमंत असावेत अन् एकाचं पत्र रोज दुसऱ्याच्या घरी पडावं, तशी गत झाली होती. तिनं सरळ म्हातारीला मिठीच मारली.

"ते असू दे, बदलून देती का न्हाई?"

"मावशी, हे भिंग बदलायचं नसतंय, ह्याच्या पाया पडायचं असतंय!"

रविवारी पेपरात तोच सापळा होता, उणे तीन. सवयीनं हात 'लहान'कडं गेलासुद्धा. मग तिला रिबिनीवाली नात आठवली. तिनं खूण केली, 'उलटी, तिप्पट मोठी'.

गुरुवारी यादी लागली. अप्पा सोबत आले होते, खिशात हात घालून. शिवानी वरून वाचत खाली आली. दहा, वीस, तीस. एकोणचाळीस. अन् चाळीसवर तिचं नाव.

"आलं अप्पा! पण... शेवटचं." डोळे भरून आले, आनंदानं का लाजेनं, तिचं तिलाच कळेना.

अप्पा चार पावलं मागं सरकले, अन् खिशातून तसलंच दहा नंबरचं भिंग काढून हात लांब करून यादीसमोर धरलं. म्हातारीची गोष्ट लेकीनं त्यांना दहादा तरी ऐकवली होती.

"हिकडं ये. ह्यातनं बघ."

भिंगात अख्खी यादी उलटी झाली होती. सगळ्यात खालची ओळ सगळ्यात वर.

"पहिली आलीस की!" अप्पा हसायला गेले अन् आवाज चिरकला. भिंग पुसायचं निमित्त करून त्यांनी डोळे पुसले. "आता गल्ल्यावर दुसरं कुणीतरी बघावं लागंल मला."